बाईंचा षड्ज आणि माझं अपडेट

ठाण्यात नौपाड्याला एका गाण्याच्या बाईंचा क्लास चाळीस वर्षं अखंड चालला होता. तो मी जवळजवळ बंद पाडला. भांडून नाही की आळसाने नाही, उलट कामसूपणाने. बाईंच्या कॉम्प्युटरवर मी एका दुपारी अपडेट केलं, एवढंच माझं कर्तृत्व.

मी लिनक्सवाली आहे. राहते कल्याणला आणि कोलशेत रोडवरच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. पंचवीस वर्षं हेच करते आहे. या कामात माणसाचा स्वभाव बिघडतो. कोणी नुसतं "चालत नाही" म्हटलं की मला आधी त्या माणसाचाच राग येतो. काय चालत नाही? कधीपासून? चालत होतं तेव्हा काय वेगळं होतं? घरी नवऱ्याने भाजी बरी नाही झाली म्हटलं तरी मी हेच विचारते. त्यामुळे तो हल्ली मुकाट्याने जेवतो.

आमच्या कामात लायब्ररी नावाची एक चीज असते. पुस्तकांशी तिचा काही संबंध नाही. सगळ्याच प्रोग्रॅमना लागणारी काही कामं सारखी असतात. घड्याळ बघायचं, पडद्यावर अक्षरं काढायची, आवाज स्पीकरपर्यंत पोचवायचा. ती प्रत्येकाने वेगळी लिहिण्यापेक्षा एकदाच लिहून मधोमध ठेवतात आणि सगळे प्रोग्रॅम तिथून घेतात. सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते तशी. टाकीत बिघाड झाला की चौथ्या मजल्यावरची बाई स्वतःचा नळ बदलते, दुसऱ्या मजल्यावरची प्लंबरला शिव्या घालते, आणि गच्चीवर जाऊन बघायचं कोणालाच सुचत नाही. लायब्ररीतला बग सापडायला अवघड असतो तो याचमुळे. ऑफिसात नव्याने लागलेल्यांना मी हे दरवर्षी ऐकवते. माझ्यावर वेळ आली तेव्हा मीही महिनाभर नळच बदलत बसले.

बाई एकाहत्तर वर्षांच्या. बुटक्या, ताठ, आणि बोलायला फटकळ. मी त्यांच्याकडे गेले ती एकेचाळीसाव्या वर्षी. गाणं शिकायचं वय निघून गेलंय हे मलाही माहीत होतं, पण बाई म्हणाल्या, "बघू. ऐकायला तरी शिकशील." त्याला आता आठ वर्षं झाली. क्लासमध्ये आम्ही बाराजणी, सगळ्या बायकाच. सगळ्यात लहान ती कॉलेजात, सगळ्यात मोठी ती निवृत्त परिचारिका. बाईंच्या क्लासमध्ये हार्मोनियम नाही. "पेटी हाताशी असली की गळा तिच्यावर रेलून उभा राहतो, मग आयुष्यभर काठी लागते," असं त्यांचं म्हणणं. गायचं ते फक्त तंबोऱ्यावर. आल्यावर तंबोऱ्याला नमस्कार करून खाली बसायचं, आणि सूर लागला नाही तर चूक आपली समजायची. तंबोऱ्याची चूक नसते. हा पहिल्या दिवसाचा पहिला धडा.

त्यांची जुनी इमारत रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा सामान हलवताना तंबोऱ्याच्या भोपळ्याला तडा गेला. नशिबाने त्याच्या दोन महिने आधी मी हौसेने त्याचं रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं. भर दुपारी पंखे बंद करून, फ्रीजची पिन काढून, बाई एक तास तारा छेडत बसल्या होत्या आणि मी घाम पुसत माइक धरून बसले होते. मग त्यांच्या ओळखीच्या तबलजींचा ठेकाही तसाच रेकॉर्ड केला. माझ्याकडचा एक जुना कॉम्प्युटर काढला, त्यावर लिनक्स घातलं, एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, यूएसबीचा एक बरा स्पीकर जोडला, आणि नव्या घराच्या हॉलमध्ये ठेवून दिला. एक बटण दाबलं की तंबोरा, दुसरं दाबलं की तबला. स्वतःचाच तंबोरा त्या खोक्यातून ऐकताना बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या दसऱ्याला सरस्वतीपूजनात त्यांनी त्या कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं. कुंकू कीबोर्डात जाऊ नये म्हणून मी हात मध्ये घातला तर मलाच ओरडल्या. तेव्हापासून आम्ही बाराजणी त्या खोक्याला नमस्कार करून बसायला लागलो. मीसुद्धा, जिने त्याचे स्क्रू आपल्या हाताने पिळले होते.

आता अपडेटबद्दल. गेल्या वर्षी श्रावणात सणावारांमुळे क्लासला सुट्टी होती. त्यातच बाईंना ताप आला. तो पंधरा दिवस रेंगाळला आणि जाताना खोकला मागे ठेवून गेला. मी मुगाची खिचडी घेऊन भेटायला गेले. त्या झोपल्या होत्या. रिकामं बसवेना म्हणून मी कॉम्प्युटर उघडला. पुष्कळ दिवसांत अपडेट केलं नव्हतं. केलं. पंधरा-वीस मिनिटं लागली. तंबोरा चालू करून पाहिला, आवाज येत होता. झालं. ऑफिसात मी कोणाला असं करू दिलं नसतं. तिथे अपडेटनंतर काय काय तपासायचं याची यादी असते, आणि ती यादी मीच केलेली आहे.

क्लास परत सुरू झाला. पहिल्याच दिवशी बाईंचा तार षड्ज चिरला. तार षड्ज म्हणजे वरचा सा. बाईंचा तो सा ऐकायला आम्ही बाराजणी आठवडाभर थांबायचो. त्या फार वेळ तिथे थांबत नसत, नुसत्या जाऊन येत, पण जाऊन आल्या की खोलीत कोणी हलायचं नाही. त्या दिवशी तो लागला आणि मध्येच फाटला. बाई थांबल्या, खोकल्या, पाणी प्यायल्या. "ताप बाधला," म्हणाल्या. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. त्यात आणखी एक भर पडली. विलंबित ख्यालात, म्हणजे सावकाश लयीत, बोल पसरून समेवर येताना त्यांचा दम पुरेना. मात्रा संपायच्या आधी श्वास संपत होता की मात्राच पळत होत्या, काही कळत नव्हतं. चाळीस वर्षं ज्या बाईने दुसऱ्यांचा श्वास मोजला तिला स्वतःचा उसना घ्यावा लागत होता. ते बघवत नव्हतं.

आमचंही काही बरं चाललं नव्हतं. वरचे सूर कोणालाच झेपत नव्हते. पण क्लास सुटल्यावर जिन्यात प्रत्येकीकडे स्वतःचं कारण तयार. एक म्हणाली, "माझं घरी येतं गं बरोबर, मोबाइलवर तंबोरा लावून. इथे बाईंसमोर बसले की फाटते माझी." दुसरी म्हणाली, "सेम. मी तर म्हटलं आपली थायरॉइडची टेस्टच करून टाकू." निवृत्त परिचारिका गुडघा दाबत उतरायच्या. मी माझं पन्नाशीकडे झुकलेलं वय पुढे केलं. घरी बरोबर येतं आणि क्लासमध्ये येत नाही. दुसऱ्या कुठल्या यंत्राबद्दल कोणी हे वाक्य उच्चारलं असतं तर मी तिथेच जिन्यात बसकण मारून चौकशी सुरू केली असती. पण गळ्याबद्दल बोलणं चाललं होतं, आणि गळ्याची चूक ही आपलीच असते, असं आम्हाला शिकवलेलं होतं.

दसऱ्याच्या दहा-बारा दिवस आधी बाईंनी क्लास संपल्यावर आम्हाला थांबवलं. गाण्याच्या वह्या मिटून ठेवा म्हणाल्या. मग एखादी सूचना द्यावी तशा आवाजात बोलल्या, "यंदा सरस्वतीपूजन झालं की क्लास बंद करत्येय मी. दसऱ्याला गाणारही नाही. जी बाई सा दाखवू शकत नाही तिने शिकवू नये. तुमच्यासाठी दोन-तीन ठिकाणी बोलून ठेवलंय, चांगल्या आहेत त्या, माझ्यासारख्या ओरडत नाहीत." कॉलेजातली ती पोरगी रडायला लागली. बाईंनी तिला खडीसाखरेचा डबा दिला आणि आत निघून गेल्या.

मला त्यांचा राग आला. खरंच आला. घरी जाऊन मी भांडी जरा जास्तच आपटली. ज्या बाईने मला एकेचाळीसाव्या वर्षी उभं केलं तिने स्वतः एकाहत्तराव्या वर्षी असं हात झटकून मोकळं व्हावं? एका सुरापायी? आणि रागाच्या खाली दुसरं होतं ते हे, की शनिवारची ती चार वाजताची वेळ माझ्या आयुष्यातून गेली तर तिथे ठेवायला माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

रविवारी सकाळी मी इस्त्री करायला बसले. गाण्याशिवाय माझी इस्त्री होत नाही. मोबाइलवर आदल्या वर्षीच्या क्लासचं रेकॉर्डिंग लावलं. आम्ही सगळ्याजणी क्लास रेकॉर्ड करतो, घरी ऐकायला. विलंबित एकताल चालू होता, बारा मात्रांचा. बाई गात होत्या, त्यांच्याबरोबर मी. आणि मी समेवर आधी पोचले. सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, जिथे सगळ्यांनी एकत्र येऊन टेकायचं. मी टेकले तेव्हा बाई अजून अर्धी मात्रा मागे होत्या. म्हटलं, लक्ष नव्हतं. पुन्हा केलं. पुन्हा आधी. तिसऱ्या वेळी मी इस्त्रीचं बटण बंद केलं.

सूर न लागण्याला हजार कारणं असतात. भीती असते, वय असतं, थायरॉइड असतो. पण लय घड्याळाने मोजता येते आणि घड्याळाला थायरॉइड नसतो. मी मोबाइलचं स्टॉपवॉच लावून आदल्या वर्षीचं एक आवर्तन मोजलं. अठ्ठेचाळीस सेकंद. मग कालच्या शनिवारच्या क्लासचं रेकॉर्डिंग लावलं. तोच ठेका, तेच तबलजी, तेच आवर्तन. चव्वेचाळीस सेकंद आणि वर अगदी किंचित.

हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसले आणि माझ्या हातातला नवऱ्याचा शर्ट खाली पडला. कॉम्प्युटर आवाज साठवतो तो बारीक बारीक चकत्या करून. सेकंदाला किती चकत्या, याच्या दोन रूढ पद्धती आहेत: एक चव्वेचाळीस हजार शंभर, आणि दुसरी अठ्ठेचाळीस हजार. मी तंबोरा आणि ठेका दोन्ही पहिल्या पद्धतीने साठवले होते. बाईंच्या स्पीकरला फक्त दुसरी कळते. मधल्या मध्ये पहिलीचं दुसरीत रूपांतर करून द्यायचं काम आवाजाच्या लायब्ररीचं. ते रूपांतर न करताच चकत्या पुढे ढकलल्या तर स्पीकर त्या भराभर संपवतो. अठ्ठेचाळीस सेकंदांचं काम चव्वेचाळीसमध्ये उरकतं. लय वाढते, आणि लयीबरोबर सूरही चढतो, पेटीच्या हिशोबात दीड पट्टीने. बाईंचा दम कमी पडत नव्हता आणि गळाही फाटत नव्हता. तंबोरा चढला होता.

आणि तो मी चढवला होता. अपडेटची तारीख मला पाठ होती, खिचडीमुळे.

नवरा म्हणाला, "मग आत्ताच फोन करून सांग ना." मी म्हटलं, सिद्ध झाल्याशिवाय नाही. बाईंना एकदा खोटी आशा लावायची आणि नंतर ती काढून घ्यायची, हे माझ्याने झालं नसतं. बुधवारी अर्धी रजा टाकली आणि अकरा वाजता नौपाड्याला हजर झाले. "यंत्र जरा साफ करते," म्हटलं. बाई म्हणाल्या, "कर. नंतर घेऊन जा ते, मला काय त्याचं." आणि स्वयंपाकघरात गवार मोडत बसल्या.

मी ऑफिसात शिकवते तसं एकेक टोक धरून तपासत गेले. आधी माझा स्वतःचा प्रोग्रॅम, कारण आपल्या लिखाणावर आधी संशय घ्यावा. ठेका स्पीकरऐवजी इअरफोनवर लावला, लय बरोबर आली. म्हणजे प्रोग्रॅम निर्दोष. मग स्पीकर. तो काढून माझ्या लॅपटॉपला जोडला, तिथेही लय बरोबर. म्हणजे स्पीकरही निर्दोष. दोन्ही टोकं साधीसरळ आणि एकत्र आली की भांडण. आता गच्चीवर जाणं आलं.

आवाजाची लायब्ररी जे काही करते ते सगळं बोलून दाखव, असा हुकूम तिला देता येतो. तो दिला. पडद्यावर ओळींचा पाऊस पडला. त्यातली एक ओळ होती: मागितले चव्वेचाळीस हजार शंभर, मिळाले अठ्ठेचाळीस हजार. त्याच्या खालची ओळ: यशस्वी. मग अपडेटची नोंदवही काढली. जुनी लायब्ररी एका गठ्ठ्यात यायची. नव्या आवृत्तीत, लिनक्सचा हा तयार संच, म्हणजे डिस्ट्रो, बांधून देणाऱ्या मंडळींनी तिचे दोन गठ्ठे केले होते, एकात मुख्य लायब्ररी, दुसऱ्यात रूपांतर करणारा भाग. दुसरा गठ्ठा बरोबर आणायची सूचना लिहायची राहिली. तो आलाच नाही. बरं, नाही आला तर नाही आला, लायब्ररीने निदान ओरडायचं तरी. "माझ्याकडे रूपांतराचं सामान नाही" एवढं म्हणाली असती तर तंबोरा वाजलाच नसता आणि मला त्याच दिवशी कळलं असतं. पण ती काही बोलली नाही. जे हातात होतं ते तसंच पुढे दिलं आणि खाली यशस्वी म्हणून लिहिलं.

मला तिचा संताप आला, आणि मग तितक्याच जोरात आम्हा बाराजणींची आठवण झाली. आम्ही तरी महिनाभर जिन्यात काय करत होतो? प्रत्येकीला काहीतरी टोचत होतं, आणि वर येऊन बाईंना एकीनेही सांगितलं नव्हतं.

दुसरा गठ्ठा मागवायला एक ओळ पुरली. अर्ध्या मिनिटात आला. मी तंबोरा लावला, ठेका लावला, स्टॉपवॉच धरलं. अठ्ठेचाळीस. पुन्हा मोजलं. अठ्ठेचाळीस.

तेवढ्यात स्वयंपाकघरातला गवारीचा टक टक आवाज थांबला. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पदराला हात पुसले, येऊन तंबोऱ्याला नमस्कार करून समोर बसल्या आणि त्यांनी सा लावला. खालचा. मग सावकाश एकेक पायरी वर. मी स्टॉपवॉच बंद करायचंही विसरले. त्या वरच्या सा पाशी आल्या आणि गेल्या. चिरला नाही. थोडा जाड होता, वयाचा होता, पण सबंध होता. नेहमीसारख्या जाऊन आल्या. मग डोळे उघडले आणि म्हणाल्या, "काय केलंस तू?"

मी सगळं सांगितलं. खिचडी, अपडेट, दोन गठ्ठे, दीड पट्टी. माफी मागितली. रडले की काय ते आठवत नाही, बहुतेक रडले. बाई ऐकत होत्या. मला वाटलं आता त्या सुटकेचा श्वास टाकतील, नाहीतर ओरडतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. बोटांवर काहीतरी मोजलं.

"मी पांढरी पाचमध्ये गाते," त्या म्हणाल्या. पांढरी पाच ही त्यांची पट्टी, पेटीच्या ज्या पट्टीवर त्यांचा मूळ सा बसतो ती. "तरुणपणी काळी चार होती. साठीला एक पट्टी उतरले. आता तू म्हणतेस दीड पट्टी चढला होता. म्हणजे काळी चारच्याही वर?"

"हो, बाई."

"म्हणजे महिनाभर मी पंचविसाव्या वर्षी गात होते त्याच्याही वर गात होते? तापातून उठून?"

"हो."

"आणि तार षड्जाला हात लावून येत होते. फाटला तर फाटला." आणि बाई हसायला लागल्या. आठ वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता खोकला आला, मी पाणी दिलं, त्यांनी ते ढकललं आणि पुन्हा हसल्या. मलाही हसू फुटलं. दोघी त्या खोक्यासमोर बसून हसत होतो.

मग त्या एकदम थांबल्या. माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की आता माझी पाळी.

"मी आजारातून उठलेली म्हातारी. मला वाटलं गळा गेला. ते एक समजू शकते. पण तुम्ही किती जणी आहात गं?"

"बारा."

"बाराजणी. दीड पट्टी चढली. एकीच्या कानाला कळलं नाही?"

"घरी बरोबर येत होतं, बाई. म्हणून वाटलं की..."

"तुला घड्याळाने कळलं. कानाने नाही." त्या उठल्या. गवारीकडे निघाल्या आणि दारातून वळून म्हणाल्या, "चाळीस वर्षं शिकवून ही अवस्था. आणि मी म्हणे क्लास बंद करणार. कुठल्या तोंडाने करू?"

इतकं बोलणं खाऊन इतकं बरं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. ताटावर बसल्यावर म्हणाल्या, "ते जे बिघडलं होतं, ते मुद्दाम बिघडवता येतं का?"

"म्हणजे?"

"मला एक बटण करून दे. दाबलं की चढला पाहिजे. कधी जास्त, कधी अगदी थोडा. आणि तुम्हाला दिसता कामा नये."

पंचवीस वर्षांत बग काढून टाका म्हणणारेच भेटले होते. तो परत घालून द्या म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच. त्या दुपारी मी बाईंच्या हॉलमध्ये बसून दोन कामं केली. एक, हातात मावेल असं बिनतारी बटण केलं. दोन, डिस्ट्रोवाल्यांना बगची तक्रार लिहिली. ही मंडळी जगभर पसरलेली, बहुतेक स्वयंसेवक, त्यामुळे फार चढ्या आवाजात लिहू नये असा संकेत आहे. मी तरी एक वाक्य चढं लिहिलंच: नापास झाल्यावर पास म्हणून सांगणं हा बिघाडापेक्षा मोठा बिघाड आहे. कुठल्या देशातल्या कोणाचं तरी दोन दिवसांनी उत्तर आलं. आमच्याकडे असं होत नाही, म्हणाला. मी चिडून सगळ्या पायऱ्या पुन्हा लिहून पाठवल्या: अमुक स्पीकर जोडा, तमुक फाइल वाजवा, घड्याळ लावा. मग त्याचं उत्तर आलं की खरंच होतंय, दुसरा गठ्ठा आता आपोआप येईल आणि नाही आला तर लायब्ररी ओरडेल. शेवटी त्याने विचारलं होतं, फरक इतका थोडा असताना तुम्हाला हे लक्षात कसं आलं? मी लिहिलं, आमच्या बाईंमुळे. त्याने एक अंगठा पाठवला. त्याला काय कळलं असेल देव जाणे.

शनिवारी चार वाजता बाराजणी जमलो. चेहरे उतरलेले, कारण बाकीच्यांच्या हिशोबी हा शेवटून दुसरा क्लास होता. बाईंनी सगळी हकिगत स्वतःच सांगितली, माझं नाव घेऊन, अपडेटसकट. मी मान खाली घालून बसले होते. खोलीत एकदम गलका झाला. थायरॉइडवाली ओरडली, "अगं बाई, मी टेस्ट करून पण आलेय!" कॉलेजातली पोरगी हसत होती आणि रडतही होती. परिचारिका मला म्हणाल्या, "तुझं अपडेट जळो. मी रामरक्षा म्हणायची बंद केली होती, आवाज गेला म्हणून." मी सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"झालं?" बाईंनी विचारलं. "आता सा लावा. आज दुसरं काही नाही."

आम्ही नमस्कार केला आणि सा लावला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. नुसता सा. इतक्या दिवसांनी तो आपल्या जागेवर होता, आणि गळा त्यात सैल सुटला होता. मला वाटलं, आता कोणी काही मागू नये, असंच बसून राहावं. बाईंचे डोळे मिटलेले, हात पदराखाली. बटणाचं मला माहीत होतं, पण खरं सांगते, त्या सुखात मी ते विसरले.

मग गळ्याला कुठेतरी किंचित ओढ बसली. अगदी किंचित, कोणी मागून वेणीला हात लावावा तशी. जुन्या सवयीने मी लगेच स्वतःचा सूर ओढून वर नेला, आणि तिथेच थांबले. अकराजणी गात होत्या. चूक असेल तर? तंबोऱ्याला नावं ठेवायची, तीही बाईंसमोर?

"बाई," मी म्हटलं. "तंबोरा चढलाय."

सगळ्या थांबल्या. बाईंनी डोळे उघडले नाहीत.

"कितीने?"

"पाव सूर... असेल, बाई."

"असेल म्हणजे काय? आहे की नाही?"

मी पुन्हा ऐकलं. बाकीच्या अकराजणीही ऐकायला लागल्या. तंबोरा वाजत राहिला आणि कोणी गात नव्हतं.

"नाही सांगता येत, बाई," मी म्हटलं.

"मग बस ऐकत," बाई म्हणाल्या. "घाई नाही. मी आहे अजून."